विश्लेषण : शिवी दिली तर ५०० रुपये दंड, पण ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा का?

नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने शिवीगाळीवर दंड लावला. पाथर्डी तालुक्यातील मढीच्या ग्रामसभेने यात्रेत कोणी दुकान लावायचे नाही हे ठरवले आणि तो ठराव रद्द झाला. शनिशिंगणापूर देवस्थानाचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला २०१८ मध्ये, लागू झाला २०२५ मध्ये. अहिल्यानगर जिल्ह्यातील या तिन्ही घडामोडींबद्दल बोलताना ‘कायदा’ हा शब्द सर्रास वापरला गेला. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ मात्र वेगळा होता. तो फरक समजला नाही, तर भरायचा नसलेला दंड भरला जातो आणि पाळायचा असलेला नियम मोडला जातो.

सौंदाळ्यात काय ठरले?

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी सौंदाळ्याच्या ग्रामसभेत सरपंच शरद आरगडे यांच्या पुढाकाराने एक ठराव झाला. गावात आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याकडून ५०० रुपये दंड घ्यायचा. दोघांच्या भांडणात ज्यांचा काहीही संबंध नाही अशा स्त्रियांचा शब्दांनी अपमान होतो, तो थांबावा, हा त्यामागचा विचार. सायंकाळी ७ ते ९ या वेळेत मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही, असेही ठरले. गावात फलक लागले. पुढे बांधाच्या वादातून शिवीगाळ करणाऱ्या दोघांनी प्रत्येकी ५०० रुपये भरल्याच्या बातम्याही आल्या.

जेमतेम १८०० लोकवस्तीच्या गावाचा हा निर्णय देशभर गाजला. त्याचे स्वागत झाले आणि ते व्हायलाही हवे होते. प्रश्न वेगळा आहे. उद्या एखाद्याने शिवी दिली आणि ‘जा, नाही भरत दंड’ असे म्हटले तर? ‘गावाने कायदाच केला’ असे आपण सहज म्हणून जातो, पण गावाला कायदा करता येतो का?

‘कायदा’ हा शब्द आला कुठून?

‘कायदा’ मूळचा अरबी. पाया, आधार, नियम असे त्याचे अर्थ. मराठीत तो फारसीच्या वाटेने आला आणि सरकारी कामकाजात रुळला. गंमत अशी की हिंदीत ‘कायदा’ म्हणजे रीत, शिस्त. विधिमंडळ करते त्याला हिंदी भाषक ‘कानून’ म्हणतात. मराठीने ‘कायदा’ थेट विधिमंडळात आणि कोर्टात नेऊन बसवला. रीतीसाठी आपल्याकडे शिरस्ता, दंडक, पायंडा, वहिवाट असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे.

इंग्रजीची अडचण उलटी आहे. तिथे न्यूटनचा ‘लॉ’, ओहमचा ‘लॉ’ आणि संसदेचा ‘लॉ’ एकाच शब्दात येतात. मराठी पाठ्यपुस्तक मात्र न्यूटनचे ‘नियम’ शिकवते आणि ते योग्यच आहे. ओहमचा नियम मोडल्याबद्दल कोणाला दंड होत नाही. सर्किट जळते, एवढेच.

सरकारी मराठीने यात आणखी काटेकोरपणा आणला. विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा म्हणजे ‘अधिनियम’. अधिवेशन सुरू नसताना राज्यपाल काढतात तो ‘अध्यादेश’. अधिनियमाखाली सरकार तयार करते ते ‘नियम’, वैधानिक संस्था करतात ते ‘विनियम’, स्थानिक संस्थांचे ते ‘उपविधी’. राजपत्रात छापली जाते ती ‘अधिसूचना’. आणि ज्याच्यावर सगळा महाराष्ट्र चालतो असे वाटते तो ‘शासन निर्णय’, म्हणजे जीआर.

जीआर निघाला म्हणजे कायदा झाला का?

नाही. जीआर हा सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश असतो. तो अधिनियमाच्या वर जाऊ शकत नाही, आणि नागरिकाला शिक्षा करण्याचा अधिकार केवळ जीआरमधून मिळत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथाबंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने राज्यातील इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. ते महत्त्वाचे होतेच. पण त्यात प्रोत्साहन होते, प्रबोधन होते. कुंकू पुसायला लावणाऱ्यासाठी शिक्षा नव्हती. शिक्षेसाठी अधिनियमच लागतो.

घोषणा तर याहून खालची पायरी. या जिल्ह्याच्या नावाचाच प्रवास पाहा. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नामांतराची घोषणा केली. मंत्रिमंडळाने प्रस्तावाला मान्यता दिली ती १३ मार्च २०२४ रोजी. त्यानंतर केंद्राची ना-हरकत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना. घोषणेच्या दिवसापासून अनेकांनी पाट्या बदलल्या, पण कागदोपत्री जिल्हा तोवर ‘अहमदनगर’च होता. मधल्या सुमारे १६ महिन्यांत ‘अहिल्यानगर’ हे नाव भाषणांत होते, कायद्यात नव्हते.

मंजूर झालेला कायदाही कायदा नसतो?

असे घडते. श्री शनैश्वर देवस्थानाच्या कारभारासाठी स्वतंत्र विश्वस्त व्यवस्था आणणारा अधिनियम विधिमंडळाने २०१८ मध्ये संमत केला. मात्र अधिनियम कोणत्या तारखेपासून अमलात येईल हे ठरवणे अनेकदा सरकारच्या हाती ठेवलेले असते. ती तारीख उजाडली सप्टेंबर २०२५ मध्ये. मधली सात वर्षे हा कायदा पुस्तकात होता, शिंगणापुरात नव्हता. त्यामुळे ‘कायदा पास झाला’ या बातमीनंतर वाचकाने विचारायचा दुसरा प्रश्न ‘लागू कधीपासून?’ हा असायला हवा. तो फारसा कोणी विचारत नाही.

संविधानात ‘कायदा’ म्हणजे काय?

संविधानाच्या अनुच्छेद १३ ने ‘कायदा’ या शब्दाची जाळी भरपूर मोठी केली आहे. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि कायद्याइतके बळ असलेली रूढी किंवा परिपाठ हे सगळे त्यात येते. कारण स्पष्ट आहे. मूलभूत हक्कांवर गदा आणणारी गोष्ट ‘हा काही अधिनियम नाही, साधा आदेश आहे’ असे म्हणून न्यायालयाच्या तावडीतून सुटू नये. अनुच्छेद १२ नुसार स्थानिक प्राधिकरणेही ‘राज्य’ या संज्ञेत येतात. म्हणजे ग्रामपंचायतीलाही समानतेचा आणि व्यवसाय स्वातंत्र्याचा हक्क डावलता येत नाही.

आता उलट बाजू. अनुच्छेद २० सांगतो की अमलात असलेल्या कायद्याचा भंग केल्याशिवाय कोणालाही अपराधी ठरवता येणार नाही. इथे ‘कायदा’ चाळणीतून गाळून घेतला जातो. कोणता अपराध, किती शिक्षा, कोण देणार, अपील कुठे हे सगळे अधिनियमात किंवा त्याने दिलेल्या अधिकारात बसले पाहिजे. गावाने हात वर करून मंजूर केलेला ठराव या चाळणीतून खाली उतरत नाही.

ग्रामसभेच्या ठरावाची खरी अवस्था ही अशी आहे. हक्क डावलले म्हणून रद्द करायचा असेल, तेव्हा त्याला कायद्याची कसोटी लावली जाते; कोणाकडून पैसे वसूल करायचे असतील, तेव्हा मात्र तो कायदा ठरत नाही. वरवर हा अन्याय वाटेल. पण सामान्य माणसाच्या बाजूने पाहिले तर यात सोयच आहे.

मग सौंदाळ्याचा दंड बेकायदा का?

स्वखुशीने भरला तर ती गावकीची वर्गणी समजावी, कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. सक्तीने वसूल करायला गेले तर अडचण आहे. पैसे न देणाऱ्याच्या घरातले भांडे उचलून आणता येत नाही, नळ तोडता येत नाही. ग्रामपंचायतीकडे उरतो तो पोलिसांत तक्रार करण्याचा मार्ग.

तिथे खरोखरीचा कायदा सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील शब्द उच्चारल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शांतताभंगासाठी चिथावण्याच्या हेतूने अपमान केल्यास कलम ३५२ आहे, त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द वापरले तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत.

पण प्रत्येक शिवी या कलमांत बसेलच असे नाही. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये असभ्य भाषा आणि अश्लीलता यांत फरक केला. नुसता अपशब्द वापरला म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ते प्रकरण इंटरनेटवरील मजकुराचे होते, चावडीवरच्या भांडणाचे नव्हे. तरी मुद्दा लागू पडतो. संहितेचा हात जिथे पोहोचत नाही, तिथे सौंदाळ्याचे ५०० रुपये पोहोचू पाहतात. त्यांच्यामागे पोलीस नाही, न्यायाधीश नाही. आहे ती गावाची नजर. आणि खेड्यात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की ती नजर काही कमी नसते.

ठरावाला कायद्याचे बळ कधी येते?

अधिनियमाने किंवा त्याखालील आदेशाने ग्रामसभेला, गावाला स्पष्ट अधिकार दिला असेल तेव्हा. सर्वांत ठळक उदाहरण दारूबंदीचे. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की उत्पादन शुल्क विभागाला पडताळणी करून गुप्त मतदान घ्यावे लागते. ‘आडवी बाटली’ विरुद्ध ‘उभी बाटली’ हा सामना अनेक गावांनी पाहिला आहे. आडव्या बाटलीला नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात, केवळ मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. पारनेर तालुक्यातील निघोजच्या महिलांनी २०१६ मध्ये ही लढाई लढली. त्या मतदानाच्या मागे कायद्याचे बळ होते, म्हणून दुकानाला टाळे लागू शकले.

त्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने कित्येक वर्षे आधी दारू हटवली ती निराळ्या वाटेने. दारू पिऊन आलेल्याला देवळाजवळच्या खांबाला बांधून फटके देण्यात येत, हे अण्णा हजारे यांनी कधी लपवले नाही. गाव सुधारले, देशात नाव झाले. तरीही माणसाला बांधून मारणे तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. चांगल्या हेतूने कायदा हातात घेतला म्हणून तो कायदा होत नाही. राळेगणचे कौतुक करताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

हिवरे बाजारची गोष्ट या दोन्हींच्या मधली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पिण्याखेरीज शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, उसासारखे पाणी पिणारे पीक टाळायचे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० च्या दशकापासून हे नियम लावून घेतले. खोल विहिरींवर निर्बंध घालणारा महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे आणि तो अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल खोदकामाला आडवा येतो. गावाचा नियम आधी आला, राज्याचा नंतर. पण पाळला कोणता जातो, असे विचारले तर भूजलाची पातळी उत्तर देईल. हिवरे बाजारात विहिरींना पाणी आहे; अधिनियम असलेल्या उरलेल्या राज्यात कूपनलिकेच्या गाड्या रात्रंदिवस फिरत आहेत.

मढीचा ठराव का टिकला नाही?

ठराव ही दुधारी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव झाला. प्रथा-परंपरा पाळल्या जात नाहीत, असे कारण देण्यात आले. पंचायत समिती स्तरावरून हा ठराव रद्द करण्यात आला.

यात दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. पहिला कार्यपद्धतीचा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. विषय आधी जाहीर करावा लागतो. दुसरा मुद्दा मुळावरचा. धर्माच्या आधारे एखाद्याला धंद्यापासून रोखणे अनुच्छेद १५ आणि १९ च्या विरोधात जाते. गणपूर्ती पूर्ण असती, सूचना वेळेत निघाली असती, सगळ्यांनी एकमताने हात वर केले असते, तरी हा दोष दूर झाला नसता. बहुमताने ठराव होतो. बहुमत आहे म्हणून तो वैध होत नाही. यात्रेच्या चार दिवसांत वर्षाची कमाई करणाऱ्या फिरत्या दुकानदारासाठी हा भेद पुस्तकी नाही.

मढीचा आणखी एक इतिहास आहे. भटक्या जमातींचे हे मोठे श्रद्धास्थान. यात्रेत त्यांच्या जातपंचायती भरत, भांडणे सोडवत, दंड लावत, माणसांना जातीबाहेर टाकत. त्या निवाड्यांनाही लोक ‘कायदा’च मानत होते. राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. एका कायद्याने दुसऱ्या ‘कायद्या’ला अपराध ठरवले.

परंपरा कायद्यापेक्षा मोठी असते का?

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर हा प्रश्न अगदी समोरासमोर उभा राहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका महिलेने चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिले, आणि मग शुद्धीकरण, आंदोलने, अडवणूक असे सगळे झाले. परंपरेचे समर्थक म्हणत होते, ही रूढी आहे. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथे पुढे आला तो एक जुनाच कायदा, १९५६ चा सार्वजनिक हिंदू पूजास्थळ प्रवेश अधिनियम. प्रवेशाला आडकाठी करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा ६० वर्षे अस्तित्वात होता. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने राज्य सरकारला त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी आठवून दिली आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. नवा कायदा एकही झाला नव्हता.

म्हणून रूढी नेहमी हरतेच असे नाही. हिंदू विवाह अधिनियम १९५५ रूढीची व्याख्या देतो : दीर्घकाळ, अखंड, एकसारखी पाळलेली आणि अवाजवी नसलेली. अशी रूढी पुराव्याने सिद्ध झाली तर काही समाजांतील काडीमोड न्यायालयही मान्य करते. तीच पंचायत काडीमोडासाठी दंड उकळू लागली तर मात्र नाही.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे १९५१ मध्येच आला होता. नरसू आप्पा माळी खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी वैयक्तिक कायदे अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ या शब्दात येत नाहीत, असा निर्णय दिला. म्हणजे ‘हिंदू कायदा’, ‘मुस्लिम कायदा’ असे आपण म्हणतो खरे, पण संहितेत न उतरलेला तो भाग मूलभूत हक्कांच्या कसोटीला लागत नाही. शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी या भूमिकेवर टीका केली. समान नागरी कायद्याच्या प्रत्येक चर्चेच्या तळाशी हा जुना खटला असतो.

शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात रूढी येते ती वहिवाटीच्या रूपाने. वर्षानुवर्षे ज्या वाटेने बैलगाडी गेली, ती शेजाऱ्याने चर खोदून बंद केली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. ‘बघू, समजुतीने मिटेल’ म्हणत पावसाळा घालवणारे इथेच फसतात.

ठराव मान्य नसेल तर काय करावे?

शिवीचा दंड असो की आणखी काही, तो भरला नाही म्हणून ग्रामपंचायतीने जन्माचा किंवा रहिवासाचा दाखला अडवला, तर तो ठरावाचा नव्हे, सेवा नाकारण्याचा प्रश्न होतो. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. ठरावाविरुद्ध गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेकडे तक्रार करता येते. अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. त्यात दोन अपिले आहेत, त्यावर आयोग आहे, आणि पुरेशा कारणाविना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे. तो किमान ५०० रुपये आणि कमाल ५००० रुपये.